निकेलखालचा धातू

माझ्या मुलाचं लग्न एकाच मुलीशी दोनदा ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पहिल्यांदा ते वडीलधाऱ्यांनी ठरवलं आणि वडीलधाऱ्यांनीच मोडलं. मग दोन्ही घरांनी तोंडं फिरवून झाल्यावर त्या दोघांनी आपसांत पुन्हा ठरवलं आणि आम्हाला फक्त तारीख कळवली. त्या वर्षी आमच्याकडे कुणीच कुणाशी सरळ बोलत नव्हतं. माझी मुलगी आणि माझे धाकटे दीर यांचं मात्र त्याच्याही आधीपासून बिनसलं होतं, आणि त्यांच्या भांडणाचा लग्नाशी काही संबंध नव्हता. ते भांडण एका यंत्राच्या झाकणावरून होतं.

तळमजल्यावर आमचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. जळालेली मोटार आमचे हे खोलायचे, जुनी तार काढायचे, आणि नवे वेढे मी घालायची. ह्यांच्या माघारी दुकान भाऊजींकडे गेलं. कुणी दिलं नाही, त्यांनी मागितलं नाही. ते त्यात पसरत गेले. आधी एक टेबल, मग एक भिंत, मग दुसरी. मोटारी गेल्या आणि कॉम्प्युटरचे डबे आले, एका बाजूला काच असलेले, आत रंगीत दिवे लुकलुकणारे. भाऊजींना स्वतःला ते दिवे आवडत नसत.

"गिऱ्हाइकाला लागतात," ते म्हणायचे. "त्याला वाटतं दिवा लागला म्हणजे वेग वाढला. माझ्या हातात असतं तर दिवा मागणाऱ्याला मी टॉर्च देऊन घरी पाठवला असता."

गिऱ्हाइकं त्यांना पाठीमागे 'तापमान' म्हणायची. कुठलंही यंत्र समोर आलं की भाऊजींचा पहिला प्रश्न तोच. वेग विचारायचे नाहीत, किंमत विचारायचे नाहीत. "चालताना तापमान किती?" असं विचारायचे, आणि समोरच्याला सांगता आलं नाही की त्याच्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू त्याला स्वतःच्या पोराचं वय माहीत नाही. ते स्वतः मात्र कायम तापलेले असायचे. हा विनोद सगळ्यांनी केला होता आणि त्यांच्या तोंडावर करायची टाप कुणाची नव्हती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ते कॅमेऱ्यासमोर बोलायचे. टेबलावर एखादं नवं यंत्र ठेवायचं, उघडायचं आणि आत काय चुकलंय ते सांगायचं. हजारो लोक ऐकायचे. त्यांची जीभ शिवी न देता शिवी देणारी होती. एका कंपनीच्या पंख्याला ते म्हणाले होते, "हा पंखा वारा देत नाही, हा फक्त हळहळतो." दुसऱ्या एका यंत्राबद्दल म्हणाले, "याचं डिझाइन करणाऱ्याने उष्णता फक्त पुस्तकात वाचली असावी, तीही शेवटचं पान फाटलेल्या." लोकांना हेच हवं असायचं. चांगलं बोलले त्या दिवशी ऐकणारे निम्मे.

बोलताना त्यांचे दोन्ही हात कामात असायचे, म्हणून लोकांनी लिहून पाठवलेलं मी शेजारी बसून वाचून दाखवायची. मी अक्षरं शिकले ती पन्नाशी उलटल्यावर, आणि भाऊजींनीच शिकवली, सुट्या भागांच्या खोक्यांवरून. त्यामुळे मला 'घर' आणि 'कमळ' यायच्या आधी 'प्रोसेसर' वाचता आलं. वाचायची गती माझी बेताचीच. भाऊजी थांबायचे. इतर कुणासाठी ते कधी थांबल्याचं मला आठवत नाही.

गेम खेळणाऱ्यांबद्दलही त्यांची मतं होती. फोनवर खेळणारे त्यांच्या लेखी माणसात जमा नव्हते. तयार खोकं आणून टीव्हीला जोडणारे म्हणजे भाड्याच्या घरात भिंतीला रंग देणारे. आणि स्वतः? स्वतः ते सगळ्यात महागडं, सगळ्यात जड गेम लावायचे, त्यातल्या धबधब्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि कोपऱ्यातले तापमानाचे आकडे बघायचे. मागून कुणी येऊन गोळी घातली तरी हलायचे नाहीत.

"काका, मेलात तुम्ही," माझी मुलगी लहानपणी सांगायची.

"मरू दे. पाण्याचे थेंब बघ. एक फ्रेमसुद्धा सुटली नाही."

ती त्यांच्याच मांडीवर वाढली. डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंगला, तिला त्यांनीच बसवलं. तिची पहिली भाजलेली करंगळी घेऊन ती माझ्याकडे रडत आली तेव्हा मागून भाऊजी हजर: "रडू दे तिला, पण हात थंड पाण्यात धर म्हणावं आणि परत ये. अर्धा सांधा तसाच राहिलाय." ती परत गेली. अशी पोर पुढे इंजिनिअरिंगला गेली तेव्हा त्यांना आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण दाखवायचा कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते कॉलेजची टिंगल करायचे. "चार वर्षं कागदावर पंखे फिरवतात," म्हणायचे. ती हसायची. मग एक दिवस हसायची थांबली.

तिला नोकरी लागली ती पातळ, बंद, मांडीवर ठेवायचे कॉम्प्युटर करणाऱ्या कारखान्यात. यंत्रातली उष्णता बाहेर कशी काढायची, हे तिचं खातं. भाऊजींनी विचारलं, तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो.

"झाकणाला स्क्रू किती?"

"स्क्रू नाहीत," ती म्हणाली. "क्लिपा आहेत आणि ॲडहेसिव्ह."

"म्हणजे डिंक."

"डिंक नाही, काका."

"डिंकाला भारी नाव दिलं म्हणून त्याचं वेल्डिंग होत नाही. मेमरी बदलता येते?"

"बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आहे."

"बॅटरी?"

"चिकटवलेली."

"अस्सं. म्हणजे माणसाने विकत घ्यायचं, आणि आजारी पडलं की फेकून द्यायचं. आमच्यात त्याला कॉम्प्युटर म्हणत नाहीत. कागदी कप म्हणतात."

तिने हातातला घास खाली ठेवला. "लोकांना उघडायचं नसतं, काका. त्यांना ते पिशवीत टाकून कामाला जायचं असतं. तुमचा डबा जिन्यावरून न्यायला दोन माणसं लागतात आणि तिसरा दार धरायला. जगात सगळ्यांना धबधबा बघायचा नसतो."

हे लागलं. भाऊजी पानावरून उठले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी तिला नावाने हाक मारली नाही. 'इंजिनिअरबाई' म्हणायला लागले, तेही तिच्याशी नाही, माझ्याशी बोलताना. "इंजिनिअरबाई आल्या वाटतं." ती वरच्या मजल्यावर, ते खालच्या. मधल्या जिन्यावर मी.

सुमारे वर्षाने तिचं पहिलं यंत्र बाजारात आलं. पहिलं म्हणजे, ज्याच्या आतल्या गारव्याची सगळी जबाबदारी तिची होती असं पहिलं. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"आई, एक सांगते. आमच्या साहेबांनी शब्द दिलाय. या मॉडेलची बोंबाबोंब झाली नाही, तर पुढचं संपूर्ण मॉडेल माझ्याकडे."

"मग?"

"मग त्याला खाली चार स्क्रू असतील. साधे. घरातल्या स्क्रूड्रायव्हरने उघडतील. बॅटरी काढता येईल, मेमरी बदलता येईल. मी चित्रं काढून ठेवलीत, साहेबांनी बघितलीत. नाही म्हणाले नाहीत."

"अगं, मग हे काकांना सांग की."

"काकांना? ते सुट्टीच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर सांगतील आणि दुसऱ्या दिवशी साहेब मला बोलावतील. शिवाय मी का सांगू? त्यांनी विचारलंय का?"

तिच्या आयुष्यात त्या वेळी याहून मोठं काही नव्हतं. भावाच्या लग्नाच्या गोंधळातही ती त्या चार स्क्रूंबद्दल बोलायची. कुठे बसवायचे, किती खोल, हात घसरला तर ओरखडा पडू नये म्हणून कडा कशी असावी. मी ऐकायची.

मी मुकाट बसणाऱ्यांतली नाही. एका सकाळी खाली चहा घेऊन गेले तेव्हा म्हटलं, "भाऊजी, तिचं पुढचं यंत्र उघडणारं असणार आहे. या वेळचं जरा सोडून द्या."

ते पंखा पुसत होते. वर न बघता म्हणाले, "पुढचं मॉडेल नेहमीच चांगलं असतं, वहिनी. त्याच्या भरवशावर तर हे लोक आत्ताचं खपवतात."

"ती खोटं बोलत नाही."

"ती नाही बोलत. तिच्याकडून बोलवून घेतात. मी सोडून दिलं तर लोक म्हणतील, पुतणीचं यंत्र आलं आणि तापमान थंड पडलं."

तर आपल्याला काय म्हणतात ते त्यांना माहीत होतं.

पुढच्या सुट्टीला त्यांनी ते यंत्र टेबलावर ठेवलं. भर बाजारातून विकत आणलेलं, खोकं न फोडलेलं. कंपनीने फुकट पाठवलेलं ते कधी घेत नसत, एवढी सचोटी त्यांच्याकडे होती. मी शेजारी स्टुलावर, समोर लोकांचं लिहिलेलं येणारा पडदा. वर माझी मुलगी तिच्या खोलीत हेच बघत बसली होती, हे मला नंतर कळलं.

त्यांनी झाकण गरम वाऱ्याने शेकलं, प्लॅस्टिकची पट्टी फिरवत क्लिपा सोडवल्या. एक तुटली. "ही कंपनीची मेहेरबानी," ते कॅमेऱ्याला म्हणाले. "उघडलंत तर मोडेन, अशी धमकी आहे ही. माझ्या भावाने आयुष्यभर मोटारी उघडल्या, एकीनेही त्याला धमकी दिली नाही."

आत बघून मात्र ते गप्प झाले. बोर्ड नीटस होता. पंखा लहान पण शहाण्या जागी बसवलेला. मला त्यातलं एवढंच कळतं की भाऊजी गप्प बसले की समोरचं काम चांगलं असतं. मग त्यांनी प्रोसेसरवरची पट्टी सोडवली. हाताच्या पंजाएवढी, चकचकीत, चंदेरी. खाली प्रोसेसरवर राखाडी पेस्ट फासलेली. ही पट्टी प्रोसेसरची उष्णता ओढून घेते आणि पंख्याकडे नेते.

"पट्टी बरी आहे," ते म्हणाले. "पेस्ट म्हणजे दात घासायची. ही पुसून मी लिक्विड मेटल लावतो, आणि मग बघू या, इंजिनिअरांनी किती अंश वाया घालवलेत."

त्यांनी छोटी पिचकारी दाखवली. आत पाऱ्यासारखा धातू, खोलीतल्या उष्णतेलाही पातळ राहणारा. ते लोकांना समजावत होते, आणि हे त्यांचंच वाक्य आहे, अजून कुणालाही बघायला मिळेल असं: "हे तांब्यावर लावायचं, निकेलवर लावायचं. ॲल्युमिनियमवर चुकूनही नाही. ॲल्युमिनियमला हे आतून खातं, पट्टीचा भुगा होतो. हे ज्याला माहीत नाही त्याने पिचकारीला हात लावू नये."

मग त्यांनी बारीक पॉलिश पेपर घेतला. प्रत्येक पट्टी ते अशी घासायचे. कंपनीचं काम किती गुळगुळीत असलं तरी त्यांना ते पुरेसं वाटायचं नाही. काचेवर कागद ठेवायचा, त्यावर पट्टी गोल गोल फिरवायची, तोंडाने बोलत राहायचं. बहुतेक पट्ट्या आतून तांब्याच्या आणि वरून निकेलचा मुलामा दिलेल्या असतात. जास्त घासलं की कडेला लाल तांबं दिसायला लागतं, ते दिसलं की थांबायचं. त्यांनी घासली, पुसली, उजेडाकडे तिरपी धरली. पांढरीच होती. पुन्हा घासली. पांढरीच.

"प्लेटिंग जाड आहे," ते म्हणाले. "एवढं एक बरं केलंय."

पडद्यावर एक ओळ आली. मी वाचली: "काका, खाली तांबंच आहे हे बघितलंत का? ॲल्युमिनियमवरही निकेल चढवता येतं."

"येतं, पण चढवेल कोण?" भाऊजी पिचकारीचं टोपण काढत म्हणाले. "ॲल्युमिनियमवर निकेल चढवून ते इथे बसवणारा इंजिनिअर नव्हे, रंगारी. आणि या यंत्राचं काम कुणी केलंय ते मला माहीत आहे. तिला डाग द्यायला मी शिकवलं. बाकी काही शिकली नसेल, पण एवढी रंगारी नाही."

त्यांनी पट्टी बसवली, यंत्र चालू केलं. तापमान खरंच उतरलं, बरंच उतरलं. ते मागे रेलून बसले. "बघा. त्यांना वर्षात जमलं नाही ते आपण चहाच्या आधी केलं. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचता येत होतं, अंगणच डिंकाने भरलं होतं."

लोक खूश झाले. मी इतक्या शाबासक्या वाचल्या की घसा बसला.

तिसऱ्या दिवशी यंत्र बंद पडलं. भाऊजी त्यावर तोच धबधबा लावून ठेवत, येता-जाता आकडे बघत. सकाळी पडदा काळा. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. मग ज्या माणसाने आयुष्यात कुठलंही बंद पडलेलं यंत्र न उघडता त्यावर मत दिलं नव्हतं, त्याने ते उघडलं नाही. सुट्टीची वाटही बघितली नाही. तिथल्या तिथे कॅमेरा लावला.

"मेलं," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी. जगातली सगळ्यात चांगली पेस्ट लावूनही. ज्याचा पायाच कच्चा त्याला गिलावा काय वाचवणार. ज्यांनी घेतलं असेल त्यांनी परत करा."

मी म्हटलं, "भाऊजी, आधी उघडून तर बघा."

"मेलेल्याचं काय बघायचं, वहिनी?"

लोकांनी ते ऐकलं आणि पुढे पाठवलं. ज्यांनी कधी यंत्र हातातही घेतलं नव्हतं तेही 'तिसऱ्या दिवशी मेलं' म्हणायला लागले. दुकानांतून यंत्रं परत यायला लागली. तिच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. परत आली ती वर गेलीच नाही, सरळ दुकानात. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी भांडी घासायची टाकून खाली आले, कारण तिचा चेहरा मी खिडकीतून बघितला होता.

"काका, कॅमेरा लावा," ती म्हणाली.

वर्षाने तिने त्यांना हाक मारली होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजिनिअरबाईंना काय हवंय?"

"मी इथे उभी आहे. मला विचारा. कॅमेरा लावा आणि ते उघडा."

"कशाला?"

"कारण तुम्ही उघडलं नाहीत. लोकांना सगळं उघडून दाखवता ना? की फक्त जिवंत असतं तेव्हा?"

गिऱ्हाइकांतला एक जण हसला. त्या हसण्याने भाऊजींनी कॅमेरा लावला. मी म्हटलं, "दोघंही वर चला, घरात बोला." दोघंही एकदमच म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस," आणि "वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका."

त्यांनी झाकण काढलं. पट्टीचे स्क्रू सोडवले आणि पट्टी उचलायला गेले तर अर्धीच हातात आली. उरलेली प्रोसेसरवर राहिली. त्यांनी नख लावलं. चहात बुडवलेलं बिस्किट जसं सुटतं तशी ती सुटली, राखाडी भुकटी होऊन. पाऱ्यासारखे दोन-चार थेंब घरंगळून बोर्डावर पसरले होते आणि तिथेच सगळं जळालं होतं.

ते काय आहे हे ओळखायला भाऊजींना वेळ लागला नाही. लोकांना त्यांनीच तर सांगितलं होतं.

"ॲल्युमिनियम," ते म्हणाले.

"हो. वर निकेल. तुम्ही ते घासून काढलंत. आमच्या पेस्टने ते वर्षानुवर्षं चाललं असतं. मी चालवून बघितलंय. रात्रंदिवस भट्टीत ठेवून बघितलंय."

"ॲल्युमिनियमवर निकेल कुणी चढवलं?"

"मी. तांबं मागितलं होतं, मिळालं नाही. मग जे मिळालं त्यात नीट बसवलं. तुम्ही शिकवलेलंच. आहे त्या तारेत वेढे बसवायचे."

"ते तुझ्या आईबापांनी शिकवलं, मी नाही," भाऊजी म्हणाले. मग आवाज चढला. "तू बघत होतीस? त्या दिवशी?"

"बघत होते. तुम्ही पिचकारी काढलीत तेव्हा फोन हातात घेतला होता मी. तुमचा नंबर लावत होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात रंगारी."

"मी तुला म्हटलं नव्हतं. तू तशी नाहीस असं म्हटलं होतं."

"पण मी तशीच निघाले ना. म्हणून फोन ठेवला. म्हटलं, रंगाऱ्याचा सल्ला तुम्ही कशाला घ्याल."

"यंत्र मरू दिलंस?"

"यंत्र तुम्ही मारलंत. मी बघितलं."

भाऊजींनी हातातली अर्धी पट्टी टेबलावर ठेवली. अगदी हळू ठेवली. "जी पट्टी पॉलिश सोसत नाही ती पट्टी नव्हे," ते म्हणाले. "आजही म्हणतो. कागदी कपच केलास तू."

"आणि तुम्ही तो घासलात," ती म्हणाली आणि गेली.

हे सगळं लोकांनी बघितलं. आठवड्याभरात भाऊजींची पार शोभा झाली. त्यांचं 'चुकूनही नाही' हे वाक्य आणि तो भुगा एकाला एक जोडून पोरांनी त्यावर ढोलकी वाजवली. दुकानाच्या दाराला कुणीतरी स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळून गेला. नेहमीचं गिऱ्हाईक डबा दुरुस्तीला आणायचं आणि विचारायचं, "काका, पॉलिश करणार नाही ना?" त्यांनी उत्तर दिलं नाही तरी हसायचं. ज्या जिभेवर ते जगले होते तिचा चटका आता इतरांनी शिकून घेतला होता. सुट्टीच्या दुपारी ते कॅमेऱ्यासमोर बसायचे, पण चार वाक्यांनंतर कुणीतरी 'भुगा' लिहायचं, आणि मी ते वाचायची नाही. मी वाचत नाही हे त्यांच्या लक्षात यायचं. थोड्या दिवसांनी त्यांनी बसणं सोडलं.

तिला वाटलं होतं, निदान तिचं तरी साधलं. यंत्र निर्दोष ठरलं. परत आलेला माल पुन्हा विकला गेला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. पुढचं मॉडेल तिलाच दिलं, शब्द पाळला. आणि सोबत सांगितलं की या प्रकरणातून कंपनी एक धडा शिकली आहे. लोक उघडतात, घासतात, नको ते लावतात आणि नाव आपलं खराब होतं. पुढच्या मॉडेलला आत शिरायला वाटच नको. झाकण आणि बोर्ड यांच्यामध्ये सगळीकडे घट्ट बसणारा रबरासारखा मसाला ओतायचा. उघडायला गेलं तर बोर्डच फाटेल. तो मसाला उष्णताही वाहून नेईल अशा बेताने ते काम तिने करायचं.

"आणि चार स्क्रू?" मी विचारलं.

"चित्रं परत दिली त्यांनी," ती म्हणाली. "म्हणाले, तुमच्या काकांचे आभार माना."

"मग तू नाही म्हण. सोड नोकरी."

"सोडून कुठे जाऊ? खाली दुकानात?"

तिने ते काम केलं. चांगलंच केलं, असं म्हणतात. ते यंत्र गार राहतं, आवाज करत नाही आणि भरपूर खपलं. मला ते हातात धरवत नाही.

एकदाच, माझ्या मुलाचं लग्न लागलं त्या दिवशी, ते दोघं एका दारात समोरासमोर आले. सून घरात येत होती, म्हणून सगळे बाजूला झाले आणि ही दोघं भिंतीला टेकून शेजारी शेजारी अडकली. मी जवळच होते.

"आता ते कधीच उघडणार नाही म्हणे," भाऊजी समोर बघत म्हणाले.

"नाही."

"तुझ्यामुळे."

"तुमच्यामुळे."

"एक फोन करायला काय झालं होतं तुला?"

"एकदा उघडून बघायला काय झालं होतं तुम्हाला?"

गर्दी पुढे सरकली तशी दोघं दोन बाजूंना गेली. त्यानंतर एकाच घरात राहून ते एकमेकांशी बोलले नाहीत. ती जिना उतरायच्या आधी खाली डोकवायची, ते दुकानात आहेत का बघायची आणि मग उतरायची. ते तिची चप्पल दारात दिसली की वर चहाला यायचे नाहीत, मीच खाली न्यायची. दोघांनाही मी वेगवेगळं सांगून बघितलं. भाऊजी म्हणायचे, "तिने डोळ्यांदेखत होऊ दिलं." ती म्हणायची, "त्यांनी न बघता बोंब मारली." दोघंही खरं बोलत होते, आणि खऱ्याची समजूत घालता येत नाही.

भाऊजींना दम्याचा त्रास होताच. लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तो वाढला. तिला दवाखान्यात बोलावलं तेव्हा ती आली, बाहेरच्या बाकावर बसली, डॉक्टरांशी बोलली, औषधं आणून दिली. आत गेली नाही. त्यांनीही तिला आत बोलावलं नाही.

माझा नातू धरून उभा राहायला लागला त्या महिन्यात, दुसऱ्या सोमवारी सकाळी, माझे धाकटे दीर दवाखान्यात वारले.